टीबीची गोळी, आईचे तळपाय आणि तंतुकणिकेतली तेरा प्रथिनं

गुलबक्षी · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आईला गेल्या वर्षी औषधांना न जुमानणारा टीबी निघाला. सहा महिन्यांचा कोर्स, चार औषधं: बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन. खोकला महिन्याभरात उतरला, जेवण वाढलं, आम्ही सगळे खुशीत. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी ती तुळशीला पाणी घालून मागच्या दाराने आत आली. पायपुसण्यावर चपला काढायची तिची सवय. वाकून बघते तर एकाच पायात चप्पल. दुसरी तुळशीपाशीच राहिली होती, आणि आठ-दहा पावलं अनवाणी पायाने फरशीवरून चालून आल्याचं तिला कळलंच नव्हतं. मग हळूच म्हणाली, "पंधरा दिवस झाले, तळव्याला मुंग्या येतायत. म्हटलं वयामुळे असेल."

डॉक्टरांनी लगेच लिनेझोलिडचा डोस कमी केला. त्यांचा खुलासा एका वाक्याचा होता: "हे औषध तंतुकणिकेत प्रथिनं बनू देत नाही." तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारा तिच्या आतला भाग.

मी ज्युनिअर कॉलेजात अठरा वर्षं जीवशास्त्र शिकवते. जिवाणूंचे रायबोझोम (पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रं) ७०एस आकाराचे, आपले ८०एस, म्हणून अँटिबायोटिक जंतूला मारतं आणि आपल्याला सोडतं, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. ते अर्धंच आहे हे आईच्या पायांनी मला शिकवलं. गेले तीन महिने वाचतेय. जे समजलं ते इथे मांडते, चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

आपल्या पेशीत प्रथिनं दोन ठिकाणी बनतात. जवळजवळ सगळी पेशीद्रवात, ८०एस रायबोझोमवर. फक्त तेरा तंतुकणिकेच्या आत. तिचा स्वतःचा डीएनए असतो. १९६३ साली स्टॉकहोममध्ये मार्गिट आणि सिल्व्हन नास या दांपत्याला कोंबडीच्या भ्रूणाच्या तंतुकणिकांमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे धागे दिसले. माणसाचा हा डीएनए १९८१ मध्ये केंब्रिजला फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने अथपासून इतिपर्यंत वाचला. बंद कडं, १६,५६९ जोड्या, ३७ जनुकं. त्यातली २२ टी-आरएनएची (प्रथिनांच्या विटा, म्हणजे अमिनो आम्लं, रायबोझोमपर्यंत आणणारे रेणू), २ रायबोझोमच्या आरएनएची आणि उरलेली १३ प्रथिनांची. ही तेराच्या तेरा प्रथिनं श्वसनसाखळीत आणि एटीपी हे पेशीचं इंधन बनवणाऱ्या यंत्रात बसतात. म्हणजे श्वासातला ऑक्सिजन शेवटी जिथे कामी येतो, तिथे.

या कड्यातली काटकसर बघून मी थक्क झाले. जनुकांच्या मध्ये जागाच नाही, काही तर एकमेकांवर चढलेली आहेत. आरएनएची नक्कल एकेका जनुकाची निघत नाही, एक लांबच लांब पट्टा निघतो. त्यात बहुतेक प्रथिनांच्या मजकुरांच्या मधोमध टी-आरएनए बसलेले असतात. विकरं हे टी-आरएनए कापून बाजूला करतात आणि त्या कापण्यातच दोन्हीकडचे एम-आरएनए, म्हणजे प्रथिनांचे मजकूर, सुटे होतात. एकाच कात्रीत दोन कामं. टी-आरएनए इथे स्वल्पविरामासारखे वापरलेत.

आणि पूर्णविराम? तेरापैकी सात जनुकांमध्ये तो पुरता लिहिलेलाच नाही. मजकूर नुसत्या "यू" किंवा "यूए" वर संपतो. नंतर त्या टोकाला ए ए ए ए अशी शेपटी जोडली जाते, तिचे पहिले एक-दोन ए मागच्या अक्षरांना मिळतात आणि "यूएए" हा थांब्याचा संकेत तयार होतो. ही ओळ वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

सुरुवातही निराळी. पेशीद्रवातल्या एम-आरएनएला डोक्यावर टोपी असते, पुढे प्रस्तावना असते. इथे दोन्ही नाहीत, पहिल्याच अक्षरांपासून मजकूर सुरू. आणि पहिलं अमिनो आम्ल साधं मेथिओनिन नसून फॉर्मिल मेथिओनिन असतं, अगदी जिवाणूंसारखं.

तीन-तीन अक्षरांच्या संकेतांची भाषाही थोडी वेगळी. "यूजीए"चा अर्थ बाहेर पेशीद्रवात "थांबा", इथे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. "एयूए" म्हणजे बाहेर आयसोल्युसिन, इथे मेथिओनिन. थांबे चार: यूएए, यूएजी, एजीए, एजीजी.

रायबोझोम आपल्याकडे ५५एस. लहान तुकडा २८एस, मोठा ३९एस. त्यात साधारण ऐंशी प्रथिनं आहेत आणि त्यातलं एकही तंतुकणिका स्वतः बनवत नाही. सगळ्यांची जनुकं केंद्रकात, ती पेशीद्रवात तयार होतात आणि दोन पडदे ओलांडून आत आणली जातात. आत आली की तंतुकणिकेच्या आरएनएभोवती त्यांची जुळणी होते.

आता लिनेझोलिड. दोन अमिनो आम्लांचा सांधा मोठ्या तुकड्यातल्या एका खोबणीत जुळतो. तो जुळवतं आरएनए, प्रथिन नव्हे. जिवाणूंमध्ये हे औषध नेमकं त्या खोबणीत जाऊन बसतं आणि येणाऱ्या टी-आरएनएला जागा मिळत नाही. आपल्या ८०एस रायबोझोमची खोबण पुरेशी वेगळी आहे, तिथे ते बसत नाही. तंतुकणिकेची खोबण मात्र जिवाणूच्या घराण्यातली. तिथे ते बसतं.

आईच्या टाचेपासून मणक्यापर्यंत जाणारा चेतातंतू जवळपास मीटरभर लांब. तेवढ्या अंतरावर ऊर्जा पुरवायची तर तंतुकणिका सतत दुरुस्त होत राहायला हव्यात. तेरा प्रथिनं कमी पडू लागली की आधी टोकं विझतात. म्हणून तळपाय.

---

डोंगरवाट · रात्री १०:२५

ताई, आधी आईंना नमस्कार सांगा. आता कशा आहेत?

मी मेकॅनिकलवाला, बारावीनंतर जीवशास्त्र सुटलं, तरी एका बैठकीत वाचून काढलं. एक प्रश्न: फक्त तेरा प्रथिनांसाठी वेगळा डीएनए, वेगळे टी-आरएनए, ऐंशी भागांचं यंत्र? आमच्याकडे तेरा पार्टसाठी कोणी वेगळा प्लांट टाकणार नाही, बाहेरून मागवू. निसर्गाने हे काम बाहेर का नाही दिलं?

---

खारा_वारा · रात्री ११:१०

गुलबक्षी, नेटकं लिहिलंय. मी छातीचा डॉक्टर, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस. दवाखान्यातली बाजू सांगतो.

दक्षिण आफ्रिकेत १०९ रुग्णांवर झालेल्या निक्स-टीबी चाचणीत लिनेझोलिड रोज १२०० मिलिग्रॅम दिलं होतं. दहातले नऊ बरे झाले, जे त्या काळी या आजारात स्वप्नवत होतं. पण ८१ टक्के लोकांना हातापायाचा चेतादाह (नसांचा बिघाड) झाला आणि ४८ टक्क्यांची अस्थिमज्जा दबली. पुढच्या झेनिक्स चाचणीत ६०० मिलिग्रॅम २६ आठवडे दिलं. यश ९१ टक्के राहिलं, चेतादाह २४ टक्क्यांवर आला. म्हणून आज ६०० ने सुरुवात करतात. आपल्या केंद्र सरकारने हा चार औषधांचा कोर्स सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. त्याआधी दीड-पावणेदोन वर्षं गोळ्या आणि रोजची इंजेक्शनं घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे या औषधावर माझा राग नाही. लक्ष मात्र ठेवावं लागतं.

तीन जागा सांभाळायच्या: पाय, डोळे, रक्त. तिन्हीचं कारण गुलबक्षीने सांगितलं तेच. दृष्टीच्या नसेला प्रचंड ऊर्जा लागते. मज्जेतल्या पेशी सतत विभागतात, प्रत्येक नव्या पेशीला नव्या तंतुकणिका लागतात. म्हणून दर भेटीला मी अक्षरांचा तक्ता आणि रंगीत ठिपक्यांची पानं वाचून घेतो, रक्त तपासतो, आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवून विचारतो, "गुणगुण कळते का? थांबली की सांगा." चेता बिघडू लागली की ही गुणगुण बऱ्याचदा लवकर हरवते. मुंग्यांबद्दल रुग्ण बोलत नाहीत, वय, मधुमेह, थंडी असं काहीतरी धरून चालतात. आपणहून विचारावं लागतं.

आणि हे ठळक सांगतो: मुंग्या आल्या तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात गाठा, पण गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. अर्धवट सोडलेला टीबी पायांपेक्षा फार मोठी किंमत घेतो.

जुनं उदाहरण क्लोरॅम्फेनिकॉल. विषमज्वरावर कित्येक वर्षं तेच औषध होतं. तेही जिवाणूच्या मोठ्या तुकड्याच्या त्याच खोबणीत बसतं, आणि डोस वाढला की मज्जा दबते, बंद केलं की सावरते. त्याच औषधाने क्वचित कुणाची मज्जा कायमची सुकते ते प्रकरण वेगळं आहे, ते तंतुकणिकेच्या खात्यावर टाकता येत नाही.

---

प्रयोगवही · सोमवार, पहाटे २:०५

जर्मनीहून लिहितेय. माझी पीएचडी याच विषयातली, त्यामुळे धागा बघून झोप उडाली.

डोंगरवाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं इतिहासात आहे आणि अर्धं रसायनात. तंतुकणिका ही मुळात स्वतंत्र जिवाणू होती, दुसऱ्या पेशीच्या आत राहू लागली. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हे ठामपणे मांडलं. तेव्हा तिच्याकडे हजारो जनुकं असणार. नंतर ती एकेक करून केंद्रकात गेली. गोड्या पाण्यातल्या रेक्लिनोमोनास नावाच्या एकपेशीय जिवाच्या तंतुकणिकेत आजही ९७ जनुकं आहेत. मलेरियाच्या परजीवीत फक्त तीन प्रथिनांची उरलीत. म्हणजे काम बाहेर देणं चालूच आहे, तुम्ही म्हणता तसंच.

मग तेरा का राहिली? ही बहुतेक प्रथिनं पडद्याच्या चरबीत मुरलेली, पाण्याला घाबरणारी आहेत. पेशीद्रवात बनली तर तिथेच गुंडाळा होतो, किंवा पेशीची यंत्रणा त्यांना दुसऱ्याच पडद्यात नेऊन खोचते. आत बनवली की प्रश्न सुटतो. तंतुकणिकेचा रायबोझोम आतल्या पडद्याला चिकटूनच बसतो, आणि प्रथिनाची साखळी बाहेर पडता पडता ऑक्सा-१ नावाचं प्रथिन तिला थेट पडद्यात ओवतं. दुसरं मत जॉन अ‍ॅलन यांचं: श्वसनसाखळीत बिघाड झाला की त्याच तंतुकणिकेला ताबडतोब सुटा भाग बनवता यावा, म्हणून आराखडा जवळ ठेवलाय. मला दोन्ही पटतात, पण प्रयोगशाळेत पहिल्याचा अनुभव रोज येतो.

ही तेरा प्रथिनं डोळ्यांनी बघता येतात, ते सांगते. काचेच्या बशीत माणसाच्या पेशी वाढवायच्या. त्यांना एमेटिन द्यायचं, त्याने पेशीद्रवातले रायबोझोम थांबतात. तंतुकणिकेचे थांबत नाहीत. मग मेथिओनिन नसलेल्या द्रवात ठेवून किरणोत्सारी गंधक असलेलं मेथिओनिन घालायचं. तासाभरात जे काही नवीन प्रथिन बनेल ते फक्त तंतुकणिकेतलं, आणि ते खूण घेऊनच बनेल. पेशी फोडून जेलवर विजेने ओढायच्या, जेल वाळवून फिल्मवर दाबून ठेवायचं, आणि काही दिवस थांबायचं.

पहिल्यांदा मी लाल दिव्याच्या खोलीत ती फिल्म धुतली तेव्हा काळ्या पट्ट्या वर येताना पाहिल्या. एकेक पट्टी म्हणजे तेरातलं एकेक प्रथिन: सगळ्यात वर एनडी-५, खाली जाडजूड कॉक्स-१, मग बाकीच्या, आणि अगदी तळाशी पुसट एटीपी-८. माझ्या एका रुग्णाच्या त्वचेच्या पेशींच्या रांगेत सगळ्याच पट्ट्या फिक्या होत्या. चार महिन्यांचं बाळ होतं ते. पट्ट्या फिक्या म्हणजे कारखानाच मंद. एकच पट्टी गायब असती तर एकाच जनुकाचा दोष म्हटलं असतं. पुढे केंद्रकातल्या एका जनुकात बिघाड सापडला, ज्याचं प्रथिन रायबोझोमला पुढे सरकवतं. ती फिल्म मी अजून जपून ठेवलीय.

गुलबक्षी, एक दुरुस्ती सुचवणार होते, पण थांबते. एजीए आणि एजीजीबद्दल अजून कोणी लिहितंय का बघू.

---

सहप्रवासी · सकाळी ७:५०

मी लिहितो. गुलबक्षीताई, एजीए आणि एजीजी हे थांबे नाहीत असं २०१० साली ब्रिटनमधल्या न्यूकॅसलच्या गटाने दाखवलं होतं. त्या जागी रायबोझोम एक अक्षर मागे घसरतो, आणि मागचं "यू" धरून वाचलं की साधा "यूएजी" होतो. म्हणजे माणसात थांबे दोनच.

---

प्रयोगवही · सकाळी ८:३०

सहप्रवासी, मी पण तेच शिकले होते आणि बरीच वर्षं तेच सांगत होते. पण २०२३ मध्ये झुरिचच्या गटाने रचनाच दाखवली. थांबा ओळखून साखळी सोडवणारी दोन प्रथिनं तंतुकणिकेत आहेत. त्यातलं एक यूएए आणि यूएजी ओळखतं. दुसरं, एमटीआरएफ-१, एजीए आणि एजीजीवर बसलेलं थेट दिसलं. हे दोन थांबे फक्त कॉक्स-१ आणि एनडी-६ या दोन मजकुरांच्या शेवटी येतात, आणि त्या दोनांसाठी एक अख्खं प्रथिन राखून ठेवलंय. त्यामुळे मूळ धाग्यातलं "चार थांबे" तसंच राहू द्या.

---

सहप्रवासी · सकाळी ८:४२

मान्य. माझी माहिती जुनी होती, आभार. मग एक मी देतो: ही वेगळी भाषा पहिल्यांदा कळली १९७९ मध्ये, तीही माणसाच्याच तंतुकणिकेत. तोपर्यंत संकेतांचा तक्ता सगळ्या सजीवांना सारखा आहे असंच मानलं जात होतं.

---

जाईजुई · दुपारी १:१५

मी या विषयातली अजिबात नाही, पण वाचता वाचता घशाशी आलं म्हणून लिहितेय. आमच्या आजीला तरुणपणी टीबीची इंजेक्शनं दिली आणि तिचं ऐकणं गेलं. मोठ्या मावशीलाही लहानपणी तापात कसलीशी इंजेक्शनं दिल्यावर ऐकू येईना. घरात "औषधाची उष्णता" म्हणायचे. माझी आई ठीक आहे, मीही. मला सहा वर्षांची मुलगी आहे. याचा या धाग्याशी काही संबंध आहे का?

---

खारा_वारा · दुपारी २:४०

जाईजुई, संबंध असू शकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन, कानामायसिन ही सगळी एका कुळातली इंजेक्शनं. ती जिवाणूच्या रायबोझोमच्या लहान तुकड्यावर, जिथे संकेत वाचला जातो तिथे बसतात. बहुतेक माणसांच्या तंतुकणिकेत ही जागा थोडी वेगळी असल्याने ती घट्ट बसत नाहीत. पण काही घराण्यांत लहान तुकड्याच्या आरएनएच्या जनुकात १५५५ व्या जागी "ए" ऐवजी "जी" असतो. एवढ्या एका अक्षराने तिथे नवी जोडी जुळते आणि ती जागा जिवाणूसारखी होते. मग थोड्या डोसनेही कानातल्या केसपेशी जातात, आणि त्या परत येत नाहीत. १९९३ मध्ये हा बदल सापडला. युरोपीय लोकांत साधारण पाचशेत एकाकडे तो असतो.

हे सगळ्यांना माहीत असावं: ही इंजेक्शनं जास्त दिवस, जास्त मात्रेत दिली तर हा बदल नसलेल्या माणसाचेही कान बिघडतात. त्यामुळे आजीच्या बाबतीत नक्की काय झालं ते आता सांगता येणार नाही. पण आजी आणि मावशी, आईच्या बाजूने ओळ सरळ चाललीय, म्हणून दुर्लक्ष करू नका. तंतुकणिका आईकडूनच येतात. बदल असेल तर आजीच्या सगळ्या मुलांत असेल, तुमच्यात असेल, तुमच्या मुलीतही असेल. तुमच्या भावात असला तरी त्याच्या मुलांत जाणार नाही.

करायचं काय? रक्तातून किंवा लाळेतून तपासणी होते, जनुकीय सल्लागाराकडे जा. तोपर्यंत मुलीच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा की आईच्या घराण्यात इंजेक्शननंतर बहिरेपण आहे, या कुळातली औषधं टाळावीत. पर्यायी औषधं बहुतेक वेळा असतात. मँचेस्टरला नवजात बाळांच्या विभागात गालाच्या आतून बोळा फिरवून अर्ध्या तासात हा बदल तपासतात, पहिलं इंजेक्शन देण्याआधीच. आपल्याकडे तसं येईपर्यंत घरातल्या बायकांची आठवण हीच तपासणी. तुमच्या घरी ती कुणीतरी जपली हे फार मोलाचं आहे.

---

जाईजुई · दुपारी ३:०५

मनापासून आभार डॉक्टर. आत्ताच मुलीच्या फाइलवर लिहिलं. मावशीच्या दोन्ही मुलींना आणि मामालाही फोन करतेय.

---

डोंगरवाट · संध्याकाळी ६:३०

प्रयोगवही, "आत बनवली की प्रश्न सुटतो" हे पटलं. मग बिघडलेलं जनुक केंद्रकात नव्याने बसवून प्रथिन बाहेरून आत पाठवता येत नाही का?

---

प्रयोगवही · रात्री ८:१०

तेच करून बघतायत. लेबर या डोळ्यांच्या आजारात तरुण वयात काही आठवड्यांत दृष्टी जाते. बऱ्याच रुग्णांत एनडी-४ या जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं. हे जनुक डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींच्या केंद्रकात पोचवतात. पण जसंच्या तसं नेता येत नाही. तंतुकणिकेच्या भाषेतलं "यूजीए" बाहेरचा रायबोझोम थांबा म्हणून वाचेल आणि प्रथिन मधेच तुटेल. म्हणून आधी अख्खं जनुक बाहेरच्या भाषेत लिहून काढतात, पुढे "तंतुकणिकेत जा" असा पत्ता जोडतात, मग इंजेक्शनने डोळ्यात सोडतात. चाचण्यांमध्ये काही रुग्णांची नजर सुधारली, आणि एकाच डोळ्यात दिलं तरी दुसऱ्यातही फरक दिसला, ज्यावर अजून काम चालू आहे. बाकी बारांसाठी वाट अजून लांब आहे. टी-आरएनएमध्ये बिघाड असेल तर याने भागतच नाही, कारण तेव्हा एक प्रथिन नव्हे, तेराही प्रथिनं अडतात.

---

गुलबक्षी · रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. यंदा फळ्यावरचं वाक्य बदललंय. ७०एस आणि ८०एसच्या खाली ५५एस लिहिलं, आणि पोरांना तळपायापर्यंतचा चेतातंतू पूर्ण फळाभर काढून दाखवला. एका मुलीने विचारलं की मग तंतुकणिका आपली की पाहुणी. तिला म्हटलं, तिच्याशिवाय तू हा प्रश्न विचारायला उभी राहू शकली नसतीस.

डोंगरवाट, आईचा कोर्स दीड महिन्यापूर्वी संपला, थुंकी स्वच्छ आहे. तळव्याच्या मुंग्या अजून आहेत, रात्री जास्त. काल तपासायला गेलो होतो. खारा_वारा यांनी लिहिलंय तसा ट्यूनिंग फोर्क डॉक्टरांनी अंगठ्यावर ठेवला. डिसेंबरात तिला अंगठ्यावर काहीच कळत नव्हतं, घोट्यावर ठेवल्यावर "हं" म्हणाली होती. काल डोळे मिटून बसली, आणि अंगठ्यावर ठेवल्यावर म्हणाली, "आहे." डॉक्टर घड्याळ बघत होते. चार सेकंदांनी म्हणाली, "गेली."